पेनिसिलिनच्या गावातला गवती चहा

पिंपरीत १९५४ साली ‘हिंदुस्थान अँटिबायोटिक्स’ ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी तिथे पेनिसिलिन तयार होऊ लागलं. देशातला हा पेनिसिलिनचा पहिला कारखाना. उभारणीला जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांची मदत होती. एवढं लांबलचक नाव घ्यायला इथे कुणाला सवड नाही, सगळे नुसतं ‘एचए’ म्हणतात. एचएच्या शेजारीच संत तुकाराम नगर. महापालिकेचं यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय, म्हणजे सगळ्यांचं ‘वायसीएम’, इथलंच. डी. वाय. पाटील वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याचं रुग्णालयही इथलंच. औषधाचा कारखाना आणि दोन मोठी रुग्णालयं एवढी हाताशी असूनही डिसेंबरात घरात पहिली शिंक आली, की हात जातो तो बाल्कनीतल्या कुंडीकडे. गवती चहाची चार पाती तुटतात, आलं ठेचल्याचा आवाज येतो आणि पातेलं गॅसवर चढतं.

यावर हसण्याचं कारण नाही. साधी सर्दी विषाणूंमुळे होते आणि पेनिसिलिनसारखी प्रतिजैविकं जिवाणूंवर चालतात, विषाणूंवर नाही. सर्दी झाली म्हणून दुकानातून स्वतःच्या मनाने प्रतिजैविकाची पाकिटं आणणाऱ्यापेक्षा गवती चहा उकळणारा माणूस वैद्यकशास्त्राच्या अधिक जवळ आहे. मात्र त्या पातेल्यातून नेमकं काय मिळतं आणि काय मिळत नाही, हे कळलं तर चहाही चांगला होतो आणि फसगतही टळते.

पुण्याचा थंडीचा उच्चांक, खरं तर नीचांक, १७ जानेवारी १९३५चा: १.७ अंश. तशी थंडी आता पडत नाही, पण पारा दहाच्या आसपास उतरला की पहाटेचं संत तुकाराम नगर कानटोपीतच दिसतं. चाकणच्या कारखान्यांकडे जाणाऱ्या कंपनीच्या बसची वाट पाहणारे पहिल्या पाळीचे कामगार, वल्लभनगरच्या एसटी स्थानकावर रात्रभराच्या प्रवासाने आंबून उतरलेले प्रवासी, वायसीएममध्ये रुग्णाजवळ रात्र काढून खाली आलेले नातेवाईक आणि ६ मार्च २०२२ला सुरू झालेल्या मेट्रोच्या स्थानकाकडे निघालेले नोकरदार अशी सगळी गर्दी टपरीच्या वाफेभोवती एकत्र येते. यातल्या निम्म्यांना चहा प्यायचा नसतो, नुसता ग्लास हातात धरायचा असतो.

सणांचंही तसंच आहे. मराठी घरात चहाला नैवेद्याच्या ताटात जागा नाही, पण हिवाळ्यातला एकही सण चहावाचून सुरू होत नाही. नरक चतुर्दशीला अंधारात उटणं लावून अंघोळ झाली, पायाच्या अंगठ्याने कारीट फुटलं, की फराळाच्या ताटाशेजारी आल्याचा चहा हवाच. कार्तिकात तुळशीचं लग्न लागतं. त्याच महिन्याच्या वद्य एकादशीला आळंदीची यात्रा भरते आणि पिंपरी-चिंचवडच्या रस्त्यांवरून दिंड्या जाऊ लागतात. गार पहाटे टाळ वाजवून कडक झालेल्या बोटांना चहाच्या ग्लासाइतकं सुख दुसरं नाही. मार्गशीर्षात चिंचवडला मोरया गोसावींचा समाधी सोहळा. गुरुवारचे उपवास असतात, त्यांनाही चहा चालतो. मग धुंधुरमासातलं उजाडतानाचं जेवण, भोगीची बाजरीची भाकरी, संक्रांतीचा तिळगूळ आणि रथसप्तमीपर्यंत चालणारी हळदीकुंकवं. तीळ, गूळ, बाजरी, सुंठ हे सगळं थंडीत अंगात ऊब धरणारं मानलं गेलेलं खाणं. हेमंत ऋतूत कोमट-गरम पाणी प्यावं असं चरकसंहितेतही सांगितलं आहे. चहा त्या पंगतीत उशिरा आला, पण आल्या आल्या त्याने पाट मिळवला.

तो आला कधी, ही गोष्ट मजेची आहे. जॉन ऑव्हिंग्टन नावाचा इंग्रज पाद्री १६८९मध्ये सुरतेच्या प्रवासाला निघाला. त्याचं प्रवासवर्णन १६९६ला छापलं गेलं. सुरतेचे लोक चहाच्या पाण्यात गरम मसाले घालून उकळतात आणि डोकेदुखी, मुतखडा, पोटातली मुरड यांवर तो गुणकारी मानतात, असं त्याने नोंदवून ठेवलं आहे. बहुतेक जण सोबत खडीसाखर घेत. शौकीन मंडळी मुरवलेली छोटी लिंबं. म्हणजे आसामात एकही मळा उभा नव्हता त्याच्या दीडशे वर्षं आधी, चीनमधून जहाजाने आलेल्या पत्तीत आपल्याकडे मसाला पडला होता, आणि तोही औषध म्हणूनच. मसाला चहा हा टपरीवाल्यांचा अलीकडचा शोध आहे असं मानणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

पण सुरतेच्या व्यापाऱ्याचा चहा घराघरात पोचायला विसावं शतक उजाडावं लागलं. १९०३मध्ये चहावर उपकर बसवणारा कायदा झाला आणि त्या पैशांतून मळेवाल्यांनी देशभर जाहिरात मांडली: रेल्वे स्थानकांवर, कापडगिरण्यांत, कारखान्यांत. कामगाराला चहासाठी सुट्टी द्या, तो अधिक काम करेल, असा तो प्रचार होता. चहा कसा करायचा तेही शिकवलं जाई. पाणी उकळा, पत्तीवर ओता, झाकून ठेवा, दूध-साखर बेताने घाला. आपल्या लोकांनी चहा घेतला आणि ती रीत सोडून दिली. पाणी, दूध, साखर, पत्ती, आलं, वेलची सगळं एकाच पातेल्यात. मसाला घातला की पत्ती कमी लागते, म्हणून मळेवाले नाराज; पण पिणाऱ्यांनी त्यांना विचारलं नव्हतं. १९३०च्या सुमारास आसामात विल्यम मॅकर्चर याने पान चिरडून, फाडून, गुंडाळणारं यंत्र बसवलं. त्यातून निघालेली ‘सीटीसी’ ही बारीक दाणेदार पूड स्वस्त होती आणि दुधातही न हरवणारा कडक रंग देणारी होती. तीच आज प्रत्येक डब्यात आहे.

पुण्यात याच काळात अमृततुल्याची परंपरा रुजली. राजस्थानातून आलेल्या श्रीमाळी कुटुंबांनी छोटी दुकानं टाकली. दारातच शेगडी, तिच्यावर पितळी पातेलं, त्यात दूध-पाणी एकत्र उकळणारं, वेलची-आलं कुटायला खलबत्ता. दुकानाची नावं देवांची आणि पुढे ‘अमृततुल्य’. गेल्या काही वर्षांत येवल्यांसारख्या साखळ्यांनी तोच चहा चौकाचौकांत नेला, त्यातून पिंपरी-चिंचवडही सुटलं नाही. औद्योगिक पट्ट्याला मात्र चहा आधीपासूनच ठाऊक होता. १९४८च्या कारखाना कायद्याने अडीचशेहून अधिक कामगार असलेल्या कारखान्यांत कँटीनची तरतूद आली, आणि भोसरी-पिंपरीच्या कँटीनमधला ठरावीक वेळचा चहा हे इथल्या दोन पिढ्यांचं घड्याळ झालं.

हा पट्टा भरला तो बाहेरून आलेल्या माणसांनी, त्यामुळे इथल्या स्वयंपाकघरांत हिवाळ्याच्या चहाचे नाना प्रकार सापडतात. कोकणातून आलेल्या घरात कोरा चहा, दुधाचा थेंबही नसलेला, वर लिंबू किंवा गवती चहाची पात. कोल्हापूरकडच्या घरात गुळाचा. सारस्वतांकडे चहापत्तीचं नावही नसलेला धने-जिऱ्याचा कषाय. मुंबईत नोकरी करून आलेला एखादा जण पारशी पद्धतीने पुदिना आणि गवती चहा जोडीने घालतो, आणि ही जोडी एकदा चाखली की नुसत्या आल्याचा चहा थोडा एकसुरी वाटतो हे कबूल करायला हवं.

आता पातेल्याकडे वळू. हिवाळ्याच्या चहात जे काही बिघडतं ते बहुतेक वेळा एकाच चुकीने: सगळं एकदम टाकून एकत्र उकळल्याने. आपल्या वैद्यकात हा भेद फार जुना आहे. शार्ङ्गधर संहितेत काढा आणि फांट हे दोन वेगळे प्रकार दिले आहेत. काढ्यासाठी वनस्पती भरडून सोळापट पाण्यात घालायची आणि आठवा हिस्सा उरेपर्यंत आटवायची. फांटासाठी तापलेलं पाणी भरडीवर ओतायचं, ठेवायचं, गाळायचं. मुळं, खोडं, साली या कठीण वस्तूंचा अर्क उकळल्याशिवाय उतरत नाही. पानांचं आणि फुलांचं उलट असतं. त्यांचा गंध उडून जाणाऱ्या तेलांत असतो, आणि झाकण न ठेवता पंधरा मिनिटं उकळलं की ते तेल स्वयंपाकघराच्या खिडकीतून शेजाऱ्यांकडे जातं. सुवास शेजारी, पाला आपल्याकडे.

म्हणून क्रम असा. चार कप चहासाठी तीन कप पाण्यात बोटाच्या पेराएवढं आलं ठेचून घालायचं. दालचिनीचा छोटा तुकडा, दोन लवंगा, चार मिरे घालायचे असतील तर तेही आताच. पाच मिनिटं खळखळ उकळू द्यायचं. मग साखर आणि चार लहान चमचे चहापूड, दोन मिनिटं. मग दीड कप दूध घालून एक-दोन उकळ्या. गॅस बंद करताना गवती चहाची तीन-चार पाती गाठ मारून किंवा कात्रीने कापून टाकायची, सोबत ठेचलेली वेलची. तुळस किंवा पुदिना असेल तर त्याचीही हीच वेळ. झाकण ठेवून तीन मिनिटं थांबायचं. या तीन मिनिटांतच चहा आणि पातीचा चहा यांतला फरक पडतो.

आलं आधी पाण्यात का, याचं उत्तर अनेक गृहिणींना अनुभवाने ठाऊक आहे: दुधात कच्चं आलं पडलं की दूध नासतं. आल्यात जिंजिबेन नावाचं एक विकर असतं, ते दुधातली प्रथिनं तोडतं आणि दूध फाटतं. दक्षिण चीनमध्ये याच गुणाचा फायदा घेऊन गरम दूध आल्याच्या रसावर ओततात आणि त्याचं दह्यासारखं मऊ गोड पक्वान्न जमवतात. आपल्याला चहा हवा असेल तर आलं आधी पाण्यात उकळायचं. उष्णतेने ते विकर निकामी होतं. आल्याचा झणका ते ताजं की वाळलेलं यावर ठरतो. ताज्या आल्यात जिंजेरॉल असतं. वाळून सुंठ झाली की त्यातल्या बऱ्याच भागाचं शोगाओल होतं, जे अधिक तिखट लागतं. म्हणून चहात सुंठ आल्याइतकी घालायची नाही. चार कपांना पाव चमचा पुष्कळ झाली.

घरचा चहा मसाला करायचा तर पन्नास ग्रॅम सुंठ, पंचवीस ग्रॅम वेलची, दहा ग्रॅम मिरे, दहा ग्रॅम दालचिनी, पाच ग्रॅम लवंगा आणि अर्धं जायफळ हे प्रमाण बहुतेक जिभांना रुचतं. एकदम पाव किलो करून ठेवू नये, दोन महिन्यांत त्याचा भुसा होतो.

गुळाच्या चहाचं दुखणं वेगळं. आठवड्यातून एकदा तरी कुणाच्या ना कुणाच्या घरी तो फाटतोच. गूळ किंचित आम्ल असतो, त्यात क्षारही असतात. उकळत्या दुधाला ते सोसत नाही. उपाय सोपा आहे. पाणी, आलं, पूड उकळून गॅस बंद करायचा, गूळ त्यात विरघळवायचा आणि वेगळं तापवलेलं दूध वरून घालायचं. पुन्हा उकळायचं नाही. गूळ घेताना पिवळाधमक, चकचकीत ढेप पाहून भुलू नये. रंग उजळावा म्हणून रसायनं वापरली जातात. तपकिरी, काळसर गूळ दिसायला गरीब पण चहाला चांगला. कोल्हापुरी गुळाला २०१४मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे.

पण गुळाचा चहा ‘हेल्दी’ म्हणून पिणाऱ्यांची एक गोड समजूत मोडावी लागेल. गुळात लोह असतं हे खरं. मात्र चहातली टॅनिनं हेच लोह पकडून ठेवतात आणि शरीराला ते फारसं शोषता येत नाही. म्हणजे एका हाताने दिलेलं दुसऱ्या हाताने काढून घेण्यातला प्रकार. लोहच हवं असेल तर गूळ-शेंगदाणे खा, वर आवळा किंवा पेरू खा आणि चहा तासाभराने प्या. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४च्या आहारविषयक मार्गदर्शनात जेवणाच्या आधी-नंतर किमान तासभर चहा-कॉफी टाळा असं याच कारणाने सांगितलं आहे. मधुमेह असलेल्यांसाठी तर गूळ आणि साखर सख्खी भावंडं आहेत. हिशेब पाहा: दिवसात सहा चहा, प्रत्येकी दोन लहान चमचे, म्हणजे दहा ग्रॅम, झाली साठ ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पंचवीस ग्रॅमपर्यंत थांबलात तर उत्तम म्हणते. थंडीत चहाची संख्या वाढते ती याच वाटेने महाग पडते.

काढ्याचं मोठं पर्व २०२०चं. त्या वर्षी ३१ मार्चला आयुष मंत्रालयाने सूचना काढल्या: तुळस, दालचिनी, मिरे, सुंठ आणि मनुका यांचा काढा दिवसातून एक-दोनदा घ्यावा, हवा तर गूळ किंवा लिंबू घालावं. पुढे ‘आयुष क्वाथ’चं ठरलेलं प्रमाणही आलं: चार भाग तुळस, दोन भाग दालचिनी, दोन भाग सुंठ, एक भाग मिरे, तीन ग्रॅम चूर्णाला दीडशे मिलिलिटर उकळतं पाणी. वायसीएम तेव्हा पूर्णपणे कोविड रुग्णालय झालं होतं आणि भोवतालच्या वस्तीत घराघरांतून मिऱ्यांचा वास येत होता. प्रमाण तीन ग्रॅम होतं, पण भीतीच्या दिवसांत चमचे मोजतो कोण? एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात चार-चार वेळा तिखटजाळ काढा पिऊन अनेकांचं तोंड आलं, छातीत जळजळ झाली. हिवाळ्याची वस्तू वैशाखात प्यायलं की आणखी काय होणार!

मग या सगळ्याचा उपयोग होतो तरी किती? याचं एक नेटकं उत्तर ब्रिटनच्या कार्डिफ विद्यापीठातून आलं. तिथल्या सर्दी संशोधन केंद्राने २००८मध्ये सर्दी झालेल्या तीस जणांना फळांचं पेय दिलं, काहींना गरम आणि काहींना खोलीच्या तापमानाचं. गरम पिणाऱ्यांना वाहतं नाक, खोकला, शिंका, घशाची खवखव, थंडी वाजणं आणि थकवा या सगळ्यांतच लगेच आराम वाटला. गंमत अशी की यंत्राने मोजलं तेव्हा नाकातून जाणारी हवा काही वाढलेली नव्हती. नाक तेवढंच चोंदलेलं होतं, माणसाला मात्र ते मोकळं वाटत होतं. चहाने सर्दी बरी होत नाही, सुसह्य होते. आणि ज्याला रात्री घसा दुखल्याने झोप लागत नाही त्याच्यासाठी हे थोडं नाही.

गवती चहाचंही असंच. त्याच्या तेलात सिट्रल नावाचं द्रव्य भरपूर असतं, लिंबासारखा वास त्याचाच. ब्राझीलमध्ये घरोघरी तो मन शांत करणारा, झोप आणणारा म्हणून पितात. तिथल्याच संशोधकांनी १९८६मध्ये माणसांवर तपासणी करून पाहिली: अपाय काही दिसला नाही, पण झोप आणण्याचा किंवा चिंता घालवण्याचा गुणही दिसला नाही. आल्याची बाजू जरा बळकट आहे. मळमळीवर त्याचा उपयोग होतो याला चांगला आधार आहे.

हळदीच्या दुधाबद्दल मिऱ्याची गोष्ट नेहमी सांगतात. १९९८मध्ये बंगळुरूच्या अभ्यासकांनी दाखवलं, की मिऱ्यातल्या पायपरीनसोबत हळदीतलं कर्क्युमिन घेतलं तर ते रक्तात वीसपट उतरतं. गोष्ट खरी. पण त्या प्रयोगात दोन ग्रॅम शुद्ध कर्क्युमिन दिलं होतं. हळदीत ते साधारण तीन टक्के असतं. म्हणजे तेवढ्यासाठी साठ-सत्तर ग्रॅम हळद एका वेळी गिळावी लागेल. पेल्यातल्या अर्ध्या चमच्याकडून तेवढी अपेक्षा नको. सांगलीची चांगली हळद, चिमूटभर मिरपूड आणि जायफळ घालून रात्री गरम दूध प्यावं ते चवीसाठी आणि उबेसाठी.

काही ठिकाणी मात्र खरोखर सांभाळायला हवं. घशासाठी चहात ज्येष्ठमध घालण्याची पद्धत आहे. रोज आणि जास्त घेतलं तर ते रक्तदाब वाढवतं आणि शरीरातलं पोटॅशियम कमी करतं, तेव्हा रक्तदाबाच्या रुग्णांनी त्याच्या वाटेला जाऊ नये. बाजारात दालचिनी म्हणून मिळणारी जाड, एकाच वळकटीची साल बहुधा कॅशियाची असते. तिच्यात कुमारिन असतं आणि ते सतत मोठ्या प्रमाणात पोटात गेल्यास यकृताला त्रास देऊ शकतं. चहातल्या तुकड्याची भीती नाही, पण रोज चमचाभर पूड खाण्याचे सल्ले पाळू नयेत. श्रीलंकेची खरी दालचिनी पातळ असते, अनेक पदरांची, बोटांनी चुरडता येणारी. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आलं-हळदीचे जोरदार काढे सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारावं. एक वर्षाखालच्या बाळाला मध चाटवूसुद्धा नये, त्यातून बोटुलिझमचा धोका असतो.

आणि तापमान. ‘चटका बसेल असा दे’ ही टपरीवरची फर्माईश. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१६मध्ये ६५ अंशांपेक्षा गरम पेयांची ‘बहुधा कर्करोगकारक’ अशी वर्गवारी केली. कारण अन्ननलिकेला वर्षानुवर्षं बसणारा चटका. चहा ओतल्यावर चार-पाच मिनिटं गप्पा मारल्या तर हा प्रश्न आपोआप मिटतो. कागदी कपाचंही बघायला हवं. खरगपूरच्या आयआयटीने २०२०मध्ये दाखवलं, की अशा कपात शंभर मिलिलिटर गरम पेय पंधरा मिनिटं राहिलं तर आतल्या प्लास्टिकच्या अस्तराचे सुमारे पंचवीस हजार सूक्ष्म कण त्यात उतरतात. काचेचा ग्लास मागितला तर टपरीवाला नाही म्हणत नाही. बसमध्ये चढायच्या घाईत तो मागायचं सुचत नाही, एवढंच.

या वस्तीत एक प्रश्न फारसा कुणी विचारत नाही, पण तो इथलाच आहे: रात्रपाळी संपवून सकाळी घरी आलेल्याने कोणता चहा प्यावा? राष्ट्रीय पोषण संस्थेच्या आकड्यांप्रमाणे एका कप चहात ३० ते ६५ मिलिग्रॅम कॅफीन असतं, आणि त्यातलं निम्मं शरीरातून जायला साधारण पाच तास लागतात. सकाळी आठला कडक चहा घेऊन नऊला झोपायचं म्हटलं, तर झोप कूस बदलत राहते आणि दोष पडद्यातून येणाऱ्या उन्हाला दिला जातो. चहापूड न घालता नुसती गवती चहाची पाती, आलं, थोडा गूळ आणि हवं तर दूध घेतलं, तर वास तोच, ऊब तीच आणि कॅफीन शून्य. संक्रांतीच्या आठवड्यात रात्रपाळी आली तरी घरच्यांसोबत बसून हा चहा घेता येतो आणि मग झोपताही येतं. मुलांसाठी आणि उशिरा रात्री येणाऱ्या पाहुण्यांसाठीही हाच बरा.

पिंपरीच्या मंडईत थंडीत गवती चहाच्या जुड्या मिळतात. जुडी घेताना पात्यांच्या बुडाशी पांढरट कांद्यासारखा भाग शाबूत आहे ना ते पाहावं. पाती वापरून झाली, की ती बुडं पेल्यात दोन बोटं पाण्यात उभी ठेवायची आणि पाणी दोन दिवसांनी बदलायचं. दोन-तीन आठवड्यांत मुळ्या फुटतात. मग बारा इंची कुंडीत लावून दिवसाचं पाच-सहा तास ऊन मिळेल अशा जागी ठेवायचं. या संक्रांतीला लावलेल्या ठोंबाची पाती पावसाळ्यात कमरेएवढी होतात, आणि पुढच्या नरक चतुर्दशीला चहासाठी मंडईत जावं लागत नाही.